मुलांच्या गोष्टींतले घर आणि आपल्याकडची घरे

बालाघाटी (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. दर शनिवारी शाळा सुटण्याआधी तिसरी-चौथीच्या मुलांना मी एक गोष्ट वाचून दाखवतो. गेल्या डिसेंबरात वाचलेली गोष्ट अगदी साधी होती. एक मुलगा शाळेतून रुसून घरी येतो, आई दारात त्याची वाट पाहत असते, त्याला गरम थालीपीठ वाढते, संध्याकाळी बाबा कामावरून परततात आणि रुसवा निघतो. वाचून झाल्यावर चौथीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, ही गोष्ट पट्टा पडल्यावरची हाय का?"

हा शब्द ज्यांच्या कानावरून गेला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साखर कारखान्याचा गाळप हंगाम संपला की आमच्याकडे 'पट्टा पडला' असे म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावोगावच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात, त्या पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये माघारी येतात. आई दारात उभी आहे आणि तव्यावर काहीतरी आहे, म्हणजे तो उन्हाळाच असला पाहिजे, असा त्या मुलीचा सरळ हिशेब होता. तिने तक्रार केली नव्हती, डोळ्यांत पाणीही आणले नव्हते. तिने फक्त गोष्टीचा महिना विचारला होता.

त्या दिवसापासून मी शाळेच्या कपाटातली पुस्तके पुन्हा काढून वाचत आहे. कुटुंब आणि घर या विषयावरच्या वास्तववादी गोष्टी मराठीत भरपूर आहेत आणि त्यांतल्या कित्येक मला मनापासून आवडतात. तरीही त्यांपैकी बहुतेकींत घर ही आधीपासून ठरलेली, जागेवरून न हलणारी वस्तू असते. भांडणे घरात होतात, रुसवे घरात होतात, मूल घरातून बाहेर पडते आणि घरी परत येते. पण घर स्वतः कुठे जात नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या बाबतीत मूल जागेवर राहते आणि घर निघून जाते. ही उलटी चाल गोष्टीत आली पाहिजे, असे मला वाटते. ती आली म्हणजे गोष्ट दुःखीच होईल असे नाही, याविषयीही माझी खात्री आहे.

मराठीत याला आधार नाही असेही म्हणता येत नाही. घराविषयीचे जे पुस्तक आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती देत आलो, ते साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि त्यातला श्याम आपल्या आईच्या आठवणी आश्रमातल्या मित्रांना रात्री सांगतो. सांगणारा घरापासून दूर आहे, आई हयात नाही, आणि तरीही कोकणातले ते घर वाचणाऱ्याला हाताने चाचपता येईल इतके जवळ येते. दुरून पाहिलेले घर मुलांना कळते, हे तिथेच सिद्ध झालेले आहे. आपण मात्र त्यातला उपदेश उचलला आणि ही सांगण्याची जागा विसरलो.

जानेवारीत मी वर्गाला एक काम दिले: आपल्या घराविषयी पाच ओळी लिहा. पत्ता नको, खोल्या किती तेही नको, घर ओळखायचे कशावरून एवढेच लिहा. एकाने दाराच्या चौकटीला लागलेल्या बैलाच्या शिंगाचा ओरखडा लिहिला. एका मुलीने लिहिले, "आमचं घर दिवाळीपसून आजीच्या कमरंला असतंय." आई-वडील जाताना खोलीला कुलूप लावतात आणि किल्ली आजीजवळ देतात, आजी ती कमरेच्या पिशवीत ठेवते. त्या वाक्यातले एक अक्षरही मी दुरुस्त केले नाही.

माझा प्रश्न असा आहे की मराठवाड्यातल्या मुलांसाठी घर आणि आपलेपणा या विषयावर लिहायचे तर काय धरून लिहावे आणि काय टाळावे? आपापल्या भागातले अनुभव कृपया सविस्तर लिहा.

गोदातीर

सर, आपल्या निरीक्षणाविषयी आदर ठेवून एक शंका मांडतो. मी नांदेडकडचा आहे आणि माझ्या दोन नातवंडांना रोज वाचून दाखवतो. मुलांना त्यांचेच दुःख पुस्तकातून परत वाढायचे का, हा माझा प्रश्न आहे. ज्या लेकराची माय सहा महिने जवळ नाही, त्याला दारात उभ्या असलेल्या मायची गोष्ट ऐकताना घटकाभर तरी ऊब मिळत असेल. ती ऊब आपण खरेपणाच्या आग्रहापायी काढून घेऊ नये. आम्ही लहानपणी परीकथा ऐकल्या, राजवाड्यांच्या गोष्टी ऐकल्या, त्यांतला एकही राजवाडा आमच्या गावात नव्हता.

वास्तववादी म्हणवणाऱ्या कित्येक बालकथा मी वाचल्या आहेत. त्यांत दुष्काळ असतो, कर्ज असते, कुणीतरी मरते आणि शेवटी मूल एकदम समंजस होते. इतके समंजस मूल मी आयुष्यात पाहिलेले नाही. तसे काही पुन्हा लिहिले जाऊ नये, एवढीच कळकळ आहे.

तेरणाकाठची

नमस्कार सर. मी औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात वाढले. आमचा प्रश्न तुमच्यापेक्षा निराळा आहे, पण मुळाशी तोच आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाहून लोक परतून नुकते झोपलेले असताना, चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी आणि परिसरातली घरे मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या माळवदाची, म्हणजे सपाट छताची होती. ती माणसांवरच कोसळली. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. माझा जन्म त्यानंतरचा. मी ते गाव कधी पाहिले नाही, त्या घरात एक रात्रही झोपले नाही.

तरीही माझे बालपण दोन घरांत गेले. आमच्या नव्या घराला सिमेंटच्या दोन खोल्या आणि समोर थोडी फरशी होती. आजी त्या फरशीच्या डाव्या कोपऱ्याला 'ढाळज' म्हणायची. "ढाळजंत बस, उनात जाऊ नकू," असे ती सांगायची आणि मी जाऊन त्या कोपऱ्यात बसायचे. ढाळज म्हणजे जुन्या वाड्याच्या मोठ्या दाराच्या आतली, बैठकीची उंच, सावलीची जागा असते, हे मला सातवी-आठवीत कळले. तोपर्यंत ढाळज म्हणजे जिथे पाण्याचा माठ आणि आजीची चप्पल असते तो कोपरा, अशीच माझी समजूत होती. धान्याची पोती ती 'बळदात' ठेवायला सांगायची, बळद म्हणजे जुन्या घरातले धान्याचे कोठार, आणि आमच्याकडे बळद म्हणजे पलंगाखालची जागा होती. ती नसलेल्या घराचे शब्द असलेल्या घरावर एकेक करून अंथरत होती, आणि मी त्या शब्दांत राहत होते.

नवी घरे कुटुंबाकडे जमीन किती होती त्यानुसार दिली गेली. २५० चौरस फूट, ४०० चौरस फूट आणि ७५० चौरस फूट अशी ती मापे होती आणि त्या मापांप्रमाणे ओळी पडल्या. जुन्या गावात जिची आणि आजीची भिंत एक होती, ती आजीची मैत्रीण दुसऱ्या टोकाच्या ओळीत गेली. पूर्वी भिंतीवर थाप मारली की निरोप जायचा. नव्या गावात दोघी म्हाताऱ्या रुंद, सरळ रस्त्याने भर दुपारी एकमेकींकडे चालत जायच्या आणि पोहोचल्यावर आधी दम खायच्या. मला हे सगळे एका गोष्टीत वाचायला मिळाले असते तर माझी आजी विसराळू नाही, एवढे तरी मला लवकर कळले असते.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. गाव हलले, पण शेते जागेवरच राहिली. वेळा अमावस्येला, आमच्याकडे येळवस म्हणतात, आम्ही सगळे शेतात जायचो. कडब्याची कोप, आंबिलाचे मडके, भज्जी, उंडे, सगळा स्वयंपाक डोक्यावर. वाटेत जुने गाव लागायचे. आजी तिथे कधी थांबली नाही, रडली नाही. फक्त एका ठिकाणी आल्यावर डोक्यावरची पाटी डाव्या हाताने धरून उजव्या हाताने पदर सारखा करायची. ते आमचे दार होते, हे वडिलांनी मला पुढे सांगितले.

गोदातीर काका, यात दुःख आहे का? असेल. पण लहानपणी मला ते दुःख म्हणून भेटलेच नाही, कोडे म्हणून भेटले. मुलांच्या गोष्टीत कोडे चालते, असे मला वाटते.

पैठणकडचा

ताईंचे वाचून राहवले नाही. आमचे मूळ गाव जायकवाडीत गेले. धरण १९७६ साली पूर्ण झाले, म्हणजे माझ्या वडिलांचे बालपण पाण्याखाली आहे. दुष्काळी उन्हाळ्यात नाथसागर खूप आटला की जुन्या गावांचे दगड, ओटे उघडे पडतात आणि लोक पाहायला जातात. अशा एका उन्हाळ्यात वडील मला घेऊन गेले आणि चिखल वाळून फुटलेल्या जमिनीवर एका जागी उभे राहून म्हणाले, "इथं चूल होती, आता तू माझ्या आईसमोर उभा आहेस." मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि झटकन दोन पावले मागे सरकलो, कारण चुलीवर पाय पडू नये असे मला शिकवलेले होते. एवढेच सांगायचे होते.

कोयत्याची_लेक

सर, मी तुमच्याच जिल्ह्यातली आहे, आता संभाजीनगरात परिचारिका आहे. सहा हंगाम आई-वडिलांबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, गेले आणि त्यानंतर आजीजवळ राहून दहावी केली. तुमचा धागा वाचून बरे वाटले आणि थोडी भीतीही वाटली, म्हणून स्पष्ट लिहिते.

आमच्याविषयी जे लिहिले जाते त्यात तीन माणसे ठरलेली असतात. बाप दारू पितो, आई डोळे पुसते आणि एक शिक्षक येऊन मुलीला शाळेत घेऊन जातो. शिक्षकांचे उपकार मी विसरलेले नाही. पण माझ्या गोष्टीतला बाप तो नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते, नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात, एकाचे हात थांबले की दोघांचा हिशेब चुकतो, अशा कामात माझे वडील फडाच्या कडेला पोहोचल्यावर पहिले काम कोणते करत, तर कोपी उभारताना मला विचारत, "दार कुणीकडं ठिवू?" मी वारा कुठून येतो ते बोट ओले करून पाहायचे आणि सांगायचे. बांबू रोवले जायचे, वर पाचट आणि चटया पडायच्या, आणि मी म्हणेन तिकडे दार व्हायचे. आत वाकूनच जावे लागायचे. एका बांबूला वडिलांनी माझ्या दप्तरासाठी खुंटी काढून दिली होती. दप्तरात तेव्हा जुनी दोनच पुस्तके होती, पण खुंटी माझी होती.

पहाटे तीनला आई-वडील उठून जात, थंडी अशी की पांघरुणावर दव पडायचे, आणि धाकट्या भावाला सांभाळायला मी मागे राहायचे. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, बांधून विकले की रोजचा मीठमिरचीचा खर्च निघायचा. त्या पेंढ्या मोजण्यातून मला पाढे आले. तिथल्या जवळच्या शाळेत वडील मला घेऊन गेले होते, तिथे सांगितले गेले की मधूनच आलेल्या मुलीला बसवता येणार नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. ही गोष्ट त्याआधीची आहे. परतताना वडील रस्ताभर काही बोलले नाहीत आणि घरी, म्हणजे कोपीवर आल्यावर, त्यांनी खुंटी पुन्हा एकदा ठोकून घट्ट केली.

मी आत्ता लिहिताना 'घरी, म्हणजे कोपीवर' असे लिहिले. तेव्हा आम्ही 'घरी' असेच म्हणायचो. लेखकाला माझी एकच विनंती आहे. कोपीला झोपडी म्हणून तिची कीव करू नका आणि आई निघून गेली म्हणून तिला गुन्हेगारही ठरवू नका. "आई मला टाकून गेली," असे वाक्य मी एका गोष्टीत वाचले होते. आमच्यातल्या कुठल्याही मुलाने ते कधी म्हटलेले मी ऐकले नाही. आम्ही म्हणायचो, "माय कारखान्याला गेलीय."

जुने_अंक

थोडी व्यावहारिक भर घालतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. गावाकडच्या घरांचे तपशील असलेल्या कथा त्यांत शोधल्यास सापडतात. चित्रांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे असे सुचवतो. मजकुरात माळवद असते आणि चित्रात उतरत्या कौलांचे घर काढलेले असते, हे मी अनेक पुस्तकांत पाहिले आहे. मराठवाड्यातले मूल त्या चित्राकडे पाहून गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी आहे असे पहिल्याच पानावर ठरवून टाकते.

गोदातीर

तेरणाकाठची ताई आणि कोयत्याची लेक, दोघींचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. माझी शंका मागे घेतो असे म्हणत नाही, कारण दुःखाचा बाजार मांडणाऱ्या गोष्टींना माझा विरोध कायम आहे. पण दार कुणीकडे ठेवायचे हे विचारणारा बाप मला आजवर कुठल्याही पुस्तकात भेटला नव्हता, आणि तो माझ्या नातवंडांना भेटावा असे मला वाटते. त्यांना ऊसतोड माहीत नाही. तरीही तो बाप त्यांना कळेल.

एक शंका भाषेची. संवाद बोलीत ठेवावेत की प्रमाण मराठीत? आमच्याकडे "काय करायलीस" म्हणतात, बीडला वेगळे म्हणत असतील. सगळे बोलीत लिहिले तर इतर भागांतल्या मुलांना अडखळायला होईल.

बालाघाटी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कोयत्याची लेक ताई, तुमचे म्हणणे मला लागू पडते, म्हणून ते मी टाळून पुढे जात नाही. मी लिहायला घेतलेल्या गोष्टीत एक शिक्षक होता आणि तिसऱ्या पानावर तो मुलीच्या घरी जाऊन तिच्या आईला समजावत होता. तुमचा प्रतिसाद वाचल्यानंतर तो शिक्षक मी काढून टाकला. तो नसला तरी गोष्ट चालते, असे दिसून आले.

गोदातीर काका, भाषेविषयी मी असे ठरवले आहे की निवेदन साध्या प्रमाण मराठीत आणि माणसांचे बोलणे आमच्या बोलीत ठेवावे, पण बोलणे थोडक्यात असावे. मुलांचे कान आपल्या समजुतीपेक्षा तयार असतात. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतली भाषा आमची मुले वर्षानुवर्षे समजून घेत आली आहेत. तेवढे कष्ट तिकडची मुलेही आनंदाने घेतील.

गोष्टीतला एक तुकडा इथे देतो. शनिवारी तो वर्गात वाचून दाखवला.

"ट्रॉलीत सगळ्यांत खाली बांबू, त्यावर चटया, त्यावर पत्र्याची पेटी आणि पेटीवर पिठाचे गाठोडे. मायने दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले, पुन्हा ओढून पाहिले. मग किल्ली आजीच्या हातात दिली. आजीने ती पिशवीत टाकून पिशवी कमरेला खोचली. सोनीने विचारले, 'आता आत कोण हाय?' आजी म्हणाली, 'तुजी पाटी हाय अन् मायचं लुगडं हाय. दोघं एकमेकाला बगत बसतेत.' ट्रॅक्टर सुरू झाला. दादांनी वरून हात केला. सोनी आजीच्या खोलीकडे निघाली, तेव्हा तिचा हात आजीच्या पिशवीवर होता."

वाचून झाले तेव्हा वर्ग शांत होता, आणि मला वाटले की मुलांच्या मनाला लागले असेल. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका मुलाने विचारले, "सर, कोंबड्या कुठं हायेत?" मी कोंबड्यांचा विचारच केला नव्हता. त्यानंतर अर्धा तास वर्गात तोच विषय चालला. कुणी म्हणाले कोंबड्या ट्रॉलीत डालून नेतात, कुणी म्हणाले आजीजवळ ठेवतात, कुणी म्हणाले जायच्या आदल्या आठवड्यात बाजारात विकतात. शेवटी डिसेंबरात मला गोष्टीचा महिना विचारणारी ती मुलगी म्हणाली, "तलंगा नेत्यात. खुडूक ठिवत्यात." तलंगा म्हणजे तरण्या कोंबड्या आणि खुडूक म्हणजे अंड्यांवर बसलेली; ती उठवली तर अंडी वाया जातात, म्हणून ती मागे राहते, इतके सरळ कारण तिने दिले.

त्यामुळे आता गोष्टीत एक खुडूक कोंबडी आली आहे. ती आजीच्या खोलीत डालग्याखाली बसलेली आहे आणि तिच्याखाली नऊ अंडी आहेत. हा आकडा वर्गाने ठरवला. सोनी रोज सकाळी डालगे थोडे उचलून पाहते. एकवीस दिवसांनी पिल्ले निघतील, आणि ही बातमी फडावरच्या मायला फोनवर सोनीने सांगायची की आजीने, यावर वर्गात दोन गट पडले आहेत. येत्या शनिवारी ते ठरवून पुढचा भाग लिहायचा आहे.